औरंगाबाद ते जोरहाट, दोरा ताणून

आमच्या घरमालकांच्या गिरणीत दळणाची वेळ मिनिटांत सांगत नसत. पायलीभर बाजरी असली की ‘पोरबंदर ते केशोद’. डबाभर गहू असले की ‘केशोद ते भुज’. आणि कुणाचं लग्नाचं दळण आलं की मालक मान हलवून म्हणत, “हे भुज ते बेळगाव. दुपारनंतर या.”

नवीन बाई आली की बावचळायची. जुन्या बायका तिला बाकावर जागा करून देत आणि समजावत, “बस गं, केशोद म्हणजे काही नाही. एवढ्यात होतं.” त्यांच्यातल्या एकीनेही केशोद पाहिलेलं नव्हतं. मालकांनीही नाही. केशोद सौराष्ट्रात आहे, तिथे धावपट्टी आहे आणि तिथून पोरबंदरला दोन पंख्यांचं विमान जातं, एवढं त्यांना पुरत असे.

नगरला माळीवाड्याच्या अलीकडे त्यांचं घर होतं. खाली रस्त्याला लागून गिरणी, गिरणीमागे त्यांच्या दोन खोल्या, आणि वर माडीवर आम्ही भाडेकरू. माझे वडील कोर्टात कारकून होते. एकाहत्तर साली आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी नुकतीच बी.एड. झाले होते आणि नोकरी शोधत होते. गिरणी सुरू झाली की आमच्या फळीवरची भांडी एकमेकांशी बोलायला लागत. आईने आठवड्याभरात प्रत्येक पातेल्याखाली जुन्या लुगड्याची घडी घातली आणि विषय संपवला. आमच्या घरात विषय असेच संपत.

मालक उंच, किडकिडीत, आणि सकाळी दहानंतर पांढरे. भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळ्यांवर पीठ. एक काळी टोपी होती, तीही वर्षातून दोनदाच काळी दिसायची. पट्टा चढवून मोटर सुरू करायच्या आधी ते बाकावरच्या बायकांकडे एकदा वळून बघत आणि म्हणत, “सांभाळून बसा, निघतोय.” मग खटका दाबत. त्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. मधेच पट्टा मंदावत गेला की ते दोन्ही हात वर करून सांगत, “हवामान खराब. कुणी जागा सोडू नका.” दुष्काळाच्या वर्षी रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, दळायला यायचा, तेव्हा ते जात्याला कान लावून म्हणत, “इंजिनाला हे इंधन सोसत नाही.” बायका हसत. मिलोच्या भाकरीला त्या दिवसांत हसण्याखेरीज दुसरं तोंडीलावणंही नव्हतं.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, म्हणणं असं की रद्दीतून. पीठ बांधून द्यायला मालक रद्दी विकत घेत, तिच्यात एकदा विमानांचं जुनं वेळापत्रक आलं. त्यात कोणीही पीठ बांधलं नाही. पुढच्या वर्षी लष्करी छावणीतल्या भंगाराच्या लिलावात हिंदुस्थानचा एक मोठा कापडी नकाशा निघाला, तोही घरी आला. काकू म्हणत, “बाकीचे लिलावातून पलंग आणतात, ट्रंका आणतात. आमच्याकडे हिंदुस्थान आला.”

नकाशा एवढा मोठा होता की गिरणीतली एकही भिंत त्याला पुरेना. एकीकडे दार, दुसरीकडे खिडकी, तिसऱ्या बाजूला मोटर. शेवटी मालकांनी तो कोपऱ्यात चिकटवला. अर्धा देश एका भिंतीवर, उरलेला अर्धा शेजारच्या भिंतीवर. नागपूर बरोबर कोपऱ्याच्या खाचेत गेलं. कोणी नागपूर विचारलं की मालक खाचेत बोट घालून दाखवत.

अंतर मोजायला पोती शिवायचा पांढरा दोरा. एका गावावर टाचणी, दुसऱ्या गावावर टाचणी, मधे दोरा ताणायचा, कापायचा, मग नकाशाच्या तळाशी मैलांची पट्टी होती तिच्यावर ठेवून मोजायचा. मैलांवरून वेळ. वेळ फक्त दोन पंख्यांच्या विमानाची काढायची. जेटचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. “जेट मोठ्या गावांची मिजास. त्याला केशोद दिसतं का वरून?” मुंबई, दिल्ली, कलकत्ता ही नावं ते घेतच नसत. त्यांचा जीव केशोद, कमलपूर, कूचबिहार, लीलाबारी असल्या गावांवर, जिथे धावपट्टीच्या कडेला गुरं चरत असतील आणि विमान आलं की कोणीतरी धावत जाऊन ती हाकलत असेल.

मोजून झालेला दोरा ते टाकून देत नसत. त्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर दोन गावांची नावं लिहीत आणि दोरा खिळ्याला अडकवून ठेवत. असे दोरे इतके झाले होते की भिंतीला दाढी आल्यासारखी दिसे. एकदा सकाळी ते शोधत होते.

“कमलपूर ते कूचबिहार कुठे गेला?”

“मेथीला,” काकू आतून म्हणाल्या.

“मेथीला?”

“जुडी सुटत होती. बांधली. दुपारी निवडून झाली की परत देते तुमचं कूचबिहार.”

मालकांनी मेथी निवडून होईपर्यंत वाट पाहिली आणि दोरा धुऊन परत खिळ्याला लावला.

या गावांच्या मधे विमानं खरोखर जात होती असं मात्र नाही. पोरबंदर-केशोदसारखी एखादी जोडी सोडली तर बहुतेक फेऱ्या मालकांनीच सुरू केलेल्या. मी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा ते मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, “जात नाही गं. पण उद्या गेलं, आणि कुणी विचारलं किती वेळ लागेल, तर सांगायला कुणीतरी पाहिजे की नाही?”



दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला ते विचारत, लेक कुठे दिली. गाव कळलं की दोरा निघायचा. रुईकडची एक म्हातारी दर आठवड्याला बाजरी घेऊन यायची. तिची लेक जामखेडला.

“बारा मिनिटं,” मालक म्हणाले.

“कशाची?”

“इथून जामखेड. विमानानं.”

“आन् उतरायचं कुठं वो मालक? तिथं नुसती कुसळं हायेत.”

“उतरायचं तुमचं तुम्ही बघा, मावशी. मी पोचवायचं बोलतोय.”

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. पण पुढच्या आठवड्यात आली ती तक्रार घेऊनच. “लेकीला सांगितलं, तू माझ्यापास्नं बारा मिन्टावर हायेस. तर म्हनती, मग सनाला का न्हाई आलीस? आता काय सांगू तिला? लई वंगाळ केलं तुमी.”

मालक स्वतः विमानात कधी बसले नाहीत. एकदा एसटीने औरंगाबादला गेले, विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहिले, एक विमान उतरलेलं पाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. बायकांनी विचारलं, कसं होतं? ते म्हणाले, “उशिरा आलं.” काकूंचं दुःख वेगळंच होतं. “एवढे औरंगाबादपर्यंत गेले, वेरूळ नाही पाहिलं की घृष्णेश्वर नाही. एक हिमरू शाल तरी आणायची माणसानं!”

छावणीतले एक निवृत्त सुभेदार गिरणीवर यायचे. ते लष्करी विमानातून खरेच फिरलेले. ते सांगू लागले की आत थंडी कशी वाजते, कान कसे बंद होतात, शेजारचा जवान कसा ओकतो, आणि धुक्यामुळे एकदा दोन दिवस धावपट्टीवरच कसं बसून राहावं लागलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सुभेदारसाहेब, बसून राहिलेला वेळ धरायचा नसतो.”

“का नाही धरायचा? मी बसलो होतो ना!”

“तुम्ही बसला होतात. विमान उडालं कुठे?”

सुभेदार पीठ घेऊन निघून गेले. पुढे त्यांनी गिरणी बदलली असं ऐकलं.

आता माझं सांगते, कारण मालकांचा खरा स्वभाव मला त्यातच कळला.

बहात्तरच्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न पडलेल्या पावसाळ्यात, मला एक नोकरी मिळाली. आसामात, जोरहाटजवळ चहामळ्यांच्या भागात मुलींची निवासी शाळा होती, तिला शास्त्र शिकवायला बाई हवी होती. जाहिरात वाचून मी अर्ज केला, पुण्यात मुलाखत झाली, आणि नेमणूक आली. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर्षातून एकदा जायचं-यायचं भाडं शाळेकडून. जानेवारीत रुजू व्हायचं. नगरमध्ये मी वर्षभर बदली बाई म्हणून इकडे दोन महिने, तिकडे तीन महिने असं करत होते. मला ती नोकरी हवी होती. एवढी हवी होती की मी ते कुणाला फारसं सांगितलं नाही.

अडचण आईची होती. वडिलांना विचारलं की ते म्हणत, “तुझ्या आईला विचार.” आणि आईचा एक नियम होता: चार तास. तिचं माहेर अकोले तालुक्यात राजूरला. संगमनेरला गाडी बदलून नगरहून चार तास. सकाळी निरोप आला तर दुपारच्या पानावर पोचता आलं पाहिजे, त्याच्या पलीकडे मुलगी पाठवायची नाही. माझ्या ताईला जळगावचं चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा इंजिनियर होता. आईने एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा पाहिल्या आणि नकार कळवला. ताईला श्रीरामपूरला दिलं.

“चार तास,” आई मला म्हणाली. “तुझं ते जोरहाट चार तासांत बसत असेल तर जा. मी अडवणार नाही.”

अर्थातच तिने हे ‘नाही’ म्हणण्याऐवजी म्हटलं होतं. पण काकू तेव्हा आमच्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी हे बोलणंही विरजणाच्या वाटीसकट खाली नेलं. अर्ध्या तासात मालकांनी खालून हाक मारली.

“वहिनी! विमानतळ आहे बरं का जोरहाटला! तुम्ही खाली या, तुमच्यासमोर मोजतो!”

आई दळणाचा डबा घेऊन खाली गेली. नुसतंच जाणं तिला कमीपणाचं वाटलं असावं. मी मागोमाग. बाकावर चार-पाच बायका होत्या, सगळ्या उठून नकाशापाशी जमल्या. मालकांनी मोटर बंद केली. चालू दळण मधेच थांबवलेलं मी त्या गिरणीत तेवढं एकदाच पाहिलं.

नगरला विमानतळ नाही म्हणून औरंगाबादवर टाचणी; तिथवरची एसटी मालकांच्या हिशेबात नसे. मग पलीकडच्या भिंतीवर, पार वरच्या टोकाला जोरहाटवर टाचणी. स्टुलावर चढून त्यांनी दोरा ताणला. दोरा एका भिंतीवरून निघाला आणि कोपरा टाळून हवेतूनच दुसऱ्या भिंतीला गेला.

आईने दोऱ्याखाली बोट घातलं. “हा भिंतीला का टेकत नाही?”

“वहिनी, विमान जमिनीला टेकतं का?”

बायका हसल्या. आईने बोट काढून घेतलं. मालकांनी दोरा कापला, पट्टीवर ठेवला, पेन्सिलीने पिठाच्या डब्यावर भागाकार मांडला, पुन्हा एकदा मांडला, आणि टोपी मागे सरकवून म्हणाले, “चाराला सहा मिनिटं कमी.”

कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी आईकडे पाहत होते. ती डब्यावरच्या भागाकाराकडे पाहत होती. तिला भागाकार येत होता, आणि तो बरोबर होता.

“बघू,” ती म्हणाली.

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो. त्या रात्री तिने वडिलांना विचारलं की आसामात थंडी किती असते. दुसऱ्या दिवशी लोकर आणली.

मग दिवाळी आली. पाऊस नाही, पीक नाही, पण काकूंनी ठरवलं की चुना तरी लावायचाच. गिरणीच्या भिंतींवर इतकी वर्षं पीठ आणि ओल मिळून पापड तयार झाले होते. मालक आठवडाभर नको म्हणत राहिले. शेवटी काकूंनीच स्टुलावर चढून गुजरातच्या बाजूने नकाशा सोडवायला घेतला, तेव्हा ते घाईघाईने मदतीला धावले. नकाशा मागच्या अंगणात नेऊन जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवली. इतक्या वर्षांत नागपूर पहिल्यांदाच उजेडात आलं.

मी तेव्हा अंगणातल्या नळावर कपडे धूत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. मालक दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले होते. सहज म्हणून त्यांनी माझा दोरा काढला, औरंगाबाद ते जोरहाट, आणि नकाशावर ठेवला. एक टोक औरंगाबादला. दुसरं टोक हाताने सरळ करत नेलं. थांबले. पुन्हा मागे आले, दोरा ताणला, पुन्हा नेला. मग तसेच उकिडवे बसून राहिले.

“काय झालं?” काकूंनी चुन्याच्या बादलीतून मान वर केली.

“गोहाटीलाच संपला.”

“काय?”

“दोरा. जोरहाट पुढे राहिलं.”

मी साबण हातात धरून जवळ गेले आणि बघताक्षणी कळलं. माझी बी.एस्सी. होती, त्यात गणित होतं. कोपरा हवेतून कापला की अंतर कमी भरणारच. एका भिंतीवरच्या दोन गावांमधलं त्यांचं प्रत्येक अंतर बरोबर होतं, खरी फेरी असली तर वेळापत्रकाशीही जुळत होतं. पण इकडच्या भिंतीवरून तिकडच्या भिंतीवर गेलेला प्रत्येक दोरा तोकडा होता. त्या फेऱ्या कुठेच नसल्यामुळे पडताळायला कोणी नव्हतं.

मालकांनी मग कोपरा ओलांडणारे सगळे दोरे एकेक करून लावून पाहिले. केशोद ते लीलाबारी, भुज ते कमलपूर, बेळगाव ते कूचबिहार. कुठलंच विमान पोचलं नाही. कोणी बिहारात उतरलं, कोणी बंगालात.

तो नकाशा परत भिंतीवर कधी गेलाच नाही. पुढे त्यांनी तो गिरणीच्या छताला लावला, तेवढी एकच सपाट जागा मोठी होती. मग मालक धान्याच्या पोत्यांवर उताणे पडून वेळूच्या काठीने मोजत, आणि दळणाला आलेल्या बायका माना वर करून बसत. नवीन माणसाला वाटे, पाल पडली की काय. पण ते नंतरचं. त्या दिवशी अंगणात ते नुसते बसून होते, आणि काकू त्यांना खालच्या आवाजात सांगत होत्या, “आता गप्प बसा. पोरीचं होतंय. कुणाला काही सांगू नका.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तूही धू कपडे.”

मी कपडे धुतले, वर गेले आणि वाळत घातले. शेवटचं लुगडं दोरीवर टाकत होते तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. मालक कधी वर येत नसत. काही सांगायचं असेल तर खालून ओरडत. आम्ही राहायला आल्यापासून ते पहिल्यांदाच जिना चढत होते, आणि त्यांच्या हातात दोरा होता.

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. “काका, चहा घेता? खालीच आणून देते.”

“आई आहे का?”

“आहे, पण कामात आहे. काका, आत्ता नको.”

“मग केव्हा? तू गेल्यावर?”

“त्यात काय एवढं? अर्ध्या तासाचा तर फरक असेल.”

“एक्केचाळीस मिनिटं,” ते म्हणाले. “चार तास पस्तीस होतात. मी तुझ्या आईला माझ्या तोंडानं चाराच्या आत सांगितलंय.”

“मग जेटचं सांगा. जेटनं केव्हाच बसतं चारात.”

आयुष्यात मी कुणाला इतकी मोठी शिवी दिली नसेन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, “जेट ना औरंगाबादला उतरतं, ना जोरहाटला. खोटी वेळ कशी सांगू?”

तोवर आई पदराला हात पुसत बाहेर आली होती. “कसली खोटी वेळ?”

मी बाजूला झाले. दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. माझी नोकरी, माझी खोली, अर्धी विणून झालेली ती लोकर, सगळं त्या दोऱ्याला लटकलेलं होतं आणि दोरा मालकांच्या हातात होता.

त्यांनी सांगितलं. कोपरा, भिंत, अंगण, गोहाटी, सगळं. शेवटी म्हणाले, “चारात बसत नाही, वहिनी. माझी चूक झाली.”

आईने त्यांच्या हातातला दोरा नीट पाहिला. मग म्हणाली, “म्हणजे अर्धा-पाऊण तास जास्त.”

“एक्केचाळीस मिनिटं.”

“आणि हे विमान रोज असतं का? की आठवड्यातून?”

मालक दोरा बोटांभोवती गुंडाळायला लागले.

“मालक, मी विचारतेय, औरंगाबादहून ते निघतं केव्हा?”

“निघत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे, दोन्हीकडे विमानतळ आहेत. दोन्हीकडे विमानं उतरतात. पण इथून तिथं असं कुठलं जात नाही. गेलं असतं तर चार तास पस्तीस.”

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली. “तुला ठाऊक होतं?”

“मला वाटलं तुलाही ठाऊक आहे.”

“मला कसं ठाऊक असणार? शाळा भाडं देते म्हणालीस ना?”

“आगगाडीचं. थर्ड क्लासचं.”

“किती दिवस लागतात आगगाडीनं?”

आता लपवून उपयोग नव्हता. “मनमाडहून कलकत्ता, तिथून गाडी बदलून गोहाटी, तिथून लहान गाडीनं पुढे. पाच दिवस धर.”

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मालकही दोन पायऱ्या खाली बसले. मी दोघांच्या मधे उभी. खालून काकूंचा आवाज आला, “सांगितलंत ना शेवटी? तुमच्या जिभेला काही हाड!” आणि बादली आपटल्याचा आवाज झाला.

“दोन महिने,” आई म्हणाली, “दोन महिने मी हिचा स्वेटर विणतेय, आणि मनात म्हणतेय, चार तासांचं काय एवढं, राजूरइतकंच तर आहे.” मग एकदम घराकडे तोंड करून तिने विचारलं, “अहो! आपण या घरात आल्यापासून मी राजूरला किती वेळा गेले?”

वडील आत पेपर वाचत होते. “एकदा,” ते म्हणाले. “तुझ्या भावाच्या वसंताच्या मुंजीला. दुसऱ्या दिवशी परत आलीस.”

“आणि श्रीरामपूरची शेवटची कधी आली होती?”

“नवरात्रात नाही का. सकाळी आली, दुपारच्या गाडीनं गेली. जेवली पण नाही धड.”

“ऐकलंत?” आई मालकांना म्हणाली, जसं काही हे सगळं त्यांनीच केलं होतं. “दोन तासांवर दिलीय म्हणून ती घड्याळ बघतच येते. पाट मांडला की तिची गाडी. मी चार तासांवर म्हणून जाऊ कधीही, जाऊ कधीही म्हणत जातच नाही. आणि ही पाच दिवसांवर.” ती थांबली. हिशेब करताना ती नेहमी खालचा ओठ आत घ्यायची, तसा घेतला. “पाच दिवस गाडीत बसून आलेलं माणूस दुपारच्या गाडीनं परत जाईल का?”

“नाही,” मालक म्हणाले.

“महिनाभर तरी राहील.”

“उन्हाळ्याची सुट्टी दीड महिना असते,” मी म्हणाले.

“मग दीड महिना.” आई उठली, लुगडं झटकलं. “स्वेटरला अजून लोकर लागेल. बाही राहिलीय. आज बाजारात जाशील तेव्हा तोच रंग बघून आण, नाहीतर मागच्या वेळेसारखा भलताच आणशील.”

एवढंच. मला हो म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी चपला शोधायला लागले, तिचं मन बदलायच्या आत दुकान गाठावं म्हणून.

मालक चार पायऱ्या उतरले, आणि परत वर आले. दोरा त्यांनी बोटांभोवती गुंडाळून टाकला होता. चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं दिसत होतं, पण काहीतरी अजून अडकलं होतं.

“वहिनी, एक सांगायचं राहिलं. येताना जास्त धरा. थंडीच्या दिवसांत पश्चिमेकडे येणाऱ्या विमानाला वारा समोरून असतो. परतीचा वेळ जाण्याइतकाच नसतो, तो नेहमीच जास्त.”

“लागू दे,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “जेवण झाकून ठेवीन.”